मागच्या बाकापर्यंत

बसमावशीचा उजवा तळहात रोज दोनदा काळा व्हायचा. सकाळी मुलं शाळेपाशी उतरली की एकदा आणि दुपारी घरी उतरली की एकदा. शेवटचं मूल खाली गेलं की ती दारातूनच मागे वळायची, दोन्ही बाजूंच्या बाकांखाली वाकून बघत पार मागे जायची आणि शेवटच्या बाकापाठच्या लोखंडी दांड्यावर तळहात टेकायची. तो दांडा कितीही पुसा, त्यावर धुराचा आणि वंगणाचा थर असायचाच. काळा हात घेऊन ती दाराशी परत यायची आणि ड्रायव्हरकाकांना म्हणायची, "रिकामी." तिने तो शब्द उच्चारल्याशिवाय काकांनी बसची किल्ली काढायची नाही, असा एकवीस वर्षांचा शिरस्ता होता.

बस काकांच्या मालकीची. शाळेची मुलं ने-आण करायचं काम त्यांच्याकडे, आणि मुलांना सांभाळायचं मावशीकडे. यावरून काका तिची यथेच्छ थट्टा करायचे. "मावशी, मागे काही सोनंबिनं पुरलंय का? मला आरशात सगळं दिसतं की."

"आरशात बाकं दिसतात. बाकांखालचं दिसत नाही."

काकांना टोमणे मारायची हौस आणि मावशीला वाद घालायचा कंटाळा, त्यामुळे दोघांचं इतकी वर्षं छान जमलं.

मावशी दिसायला अगदी साधी. ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा, डावा गुडघा कायमचा कुरकुरणारा. शिक्षण चौथीपर्यंत, तेही रडतखडत. पण तिचा आवाज असा खणखणीत की गल्लीच्या तोंडाशी तिने हाक मारली की आतल्या घरातलं पोर चप्पल शोधायला लागायचं. बसमध्ये अठ्ठावीस जागा आणि अठ्ठावीस मुलं. प्रत्येक जागेवर पांढऱ्या रंगात नंबर. मावशी मुलांची नावं पुकारत नसे. ती नुसतं "हं" म्हणायची आणि मुलं एकामागून एक आपापला नंबर सांगायची. एक, दोन, तीन, थेट अठ्ठावीसपर्यंत. मध्ये एक आकडा गळला तरी तिच्या कपाळावर आठी चढायची. एखाद्याने मित्रासाठी खोटा नंबर दिला तर आवाजावरून ती तिथल्या तिथे पकडायची, मग त्या दोघांची काही खैर नसे.

शाळेच्या भिंतीला लागूनच कापडाचा कारखाना होता आणि मुलांच्या बहुतेक आया तिथेच कामाला. पाळी सकाळी सात ते दुपारी तीन. शाळा सुरू असेपर्यंत सगळं सुरळीत चालायचं. उन्हाळ्याची सुटी लागली की मुलं आनंदाने नाचायची आणि आयांपुढे प्रश्न उभा राहायचा. पोरांना कोंडून जावं तर घर भट्टीसारखं तापतं, मोकळं सोडावं तर वस्तीमागे दगडाची जुनी खाण आहे आणि तिच्यात खोल पाणी आहे. पाच वर्षांपूर्वी दोघे भाऊ त्या पाण्यात उतरले. थोरल्याने धाकट्याला केसांना धरून ओढलं म्हणून तो वाचला. मावशीच्या बसमधले नंबर नऊ आणि दहा. तिला हे दुसऱ्या दिवशी कळलं.

ती तडक काकांकडे गेली. "बस सुटीत नुसती उभी असते ना? सकाळी सात ते दहा मला द्या."

"चालवणार की काय?" काकांनी विचारलं.

"चालवायची नाही. उभीच पाहिजे."

अशी ती उभी बस सुरू झाली. शाळेच्या मागच्या आवारात, इमारतीच्या सावलीत बस लावलेली, खिडक्या सताड उघड्या, आत वारा खेळतोय. दहाच्या सुमारास सावली सरकून ऊन टपावर यायचं आणि मग आत पाच मिनिटं बसणं मुश्कील व्हायचं. म्हणून दहाच्या ठोक्याला सगळे खाली, मावशीची मागच्या दांड्यापर्यंत फेरी, खिडक्या बंद, दाराला कुलूप. किल्ली मावशीच्या गळ्यातल्या दोऱ्याला.

सकाळच्या त्या तीन तासांत बस जागची हलत नसे, पण मुलं मात्र जगभर हिंडून यायची. रोज एका मुलाची पाळी. त्याने प्रवास ठरवायचा आणि खिडकीतून काय काय दिसतंय ते सगळ्यांना सांगायचं. बर्फाचा डोंगर, वाळवंट, समुद्र, काहीही. अट एकच: मनचं सांगायचं नाही, पुस्तकात वाचून यायचं. मावशी पहिल्या बाकाशेजारच्या आपल्या घडीच्या खुर्चीत बसून शंका काढायची. वाळवंटातले लोक पाणी कुठून आणतात? बर्फावर झाडं उगवतात का? आणि उत्तर अडलं की म्हणायची, "मला बाई वाचताना अडखळायला होतं. तूच बघून सांग." हे ढोंग नव्हतं, तिला खरोखरच अडखळायला व्हायचं. पण जी पोरं गुरुजींपुढे पुस्तक उघडायला कचरायची, तीच मावशीला वाचून दाखवायला चढाओढ करायची. आपल्यापेक्षा कच्चं कुणीतरी आहे म्हटल्यावर कुणाला हुरूप येणार नाही? सुटी संपून वर्गात आलेली ही मुलं बघून गुरुजी बुचकळ्यात पडायचे.

प्रत्येक मुलाकडे पाण्याची बाटली आणि बाटलीला तीन रबरबँड चढवलेले. वरच्या रबरापर्यंतचं पाणी दहाच्या आत, मधल्यापर्यंतचं बाराच्या आत, खालच्यापर्यंतचं दोनच्या आत प्यायचं. दहाला मुलं घरी जायची तीही जोड्यांनी, एका मोठ्याच्या गळ्यात एक लहान बांधून. मोठ्याला तंबी: चूल पेटवायची नाही, खाणीकडे वळायचं नाही, लहानाला नजरेआड करायचं नाही. आणि मग बाराला आणि दोनला, डोक्यावर मोठी टोपी घालून, दुखरा गुडघा ओढत मावशी बसच्या थांब्यांच्या क्रमाने वस्तीतून फेरी मारायची. मुलं खिडकीत येऊन नंबर सांगायची आणि बाटली दाखवायची. एका वस्तादाने एकदा पाणी मोरीत ओतून बाटली दाखवली. मावशी म्हणाली, "बाटली राहू दे, ओठ दाखव." ओठ सुकलेले होते. त्या दिवशी तो तिच्यासमोर उभा राहून दोन पेले पाणी प्यायला.

मुलांच्या सुटीचं काय करावं, यावर मोठमोठे लोक मोठमोठ्या खोल्यांत बसून चर्चा करत असतीलही. मावशीकडे एक उभी बस होती आणि पुडकंभर रबरं. पाच उन्हाळ्यांत तिच्या अठ्ठावीस मुलांपैकी एकही खाणीत उतरलं नाही, एकालाही ऊन लागलं नाही. या बाईपुढे मान लववावी असंच तिचं काम होतं, आणि ती हे काम कुणी सांगितलं म्हणून करत नव्हती.

पाचव्या उन्हाळ्यात बसमध्ये एक जास्तीचं पोर यायला लागलं. काकांची नात, चार वर्षांची. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. तिचे वडील दूरगावी कामाला, आई म्हणजे काकांची सून कापडाच्या कारखान्यात. काका सकाळी बसच्या इंजिनाशी खुडबुड करायला यायचे, तेव्हा भिंगरीला बोटाला धरून आणायचे. पहिल्याच दिवशी सून मावशीला म्हणाली होती, "बाबांचं लक्ष सगळं इंजिनात असतं. मी पोरगी तुमच्या भरवशावर सोडतेय."

"निर्धास्त जा," मावशी म्हणाली होती.

भिंगरीचं एकच गाऱ्हाणं होतं. सगळ्यांना नंबर आहे, मला का नाही? रोज मोजणी झाली की ती मावशीपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "माझा नंबर?"

"पुढच्या वर्षी शाळेत आलीस की मिळेल. आत्ता सगळ्या जागा भरल्यात."

भिंगरी गाल फुगवून बसायची. मावशीला हसू यायचं.

त्या दिवशी प्रवास जहाजाचा होता. अकरा नंबरची मुलगी जहाजाविषयी बरंच वाचून आली होती. पुढची बाकं म्हणजे कप्तानाची खोली, मधली म्हणजे प्रवासी आणि शेवटच्या बाकाखाली माल ठेवायचं तळघर. मालाची पोती कोण होणार? कुणीच तयार होईना. भिंगरी म्हणाली, "मी साखरेचं पोतं." आणि सरपटत बाकाखाली जाऊन बसली. पोत्याने बोलायचं नसतं असं अकरा नंबरने तिला बजावलं, आणि जन्मात पहिल्यांदा भिंगरी गप्प राहिली. साडेनऊला काकांना कसलासा पट्टा आणायला दुकानात जायचं होतं. त्यांनी दारातून सांगितलं, "भिंगरी आहे हो." मावशीने मान हलवली.

दहाला पाच मिनिटं कमी असताना चौदा नंबरच्या नाकातून रक्त यायला लागलं. उन्हाचे दिवस, असं व्हायचंच. मावशीने त्याला खाली नळापाशी नेलं, मान पुढे झुकवून नाक चिमटीत धरलं, ओला रुमाल मानेवर ठेवला. बघ्यांना काय, हवंच होतं. सगळं जहाज रिकामं करून पोरं नळाभोवती जमली. दोन मोठ्या मुलींनी नेहमीप्रमाणे खिडक्या ओढून घेतल्या. रक्त थांबलं. मावशी नळापाशीच म्हणाली, "हं." एक, दोन, तीन करत आकडे आले, चौदाही नाकात बोलला, सगळे हसले. अठ्ठावीस. मोजणी बरोबर आली. तिने चौदाचा हात धरूनच बसच्या दाराला कुलूप लावलं आणि मुलांना घेऊन निघाली.

वस्तीत एकेक जोडी घरी पोचवत ती आपल्या खोलीवर आली तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. तिने टोपी खुंटीला लावली, साबण घेतला आणि नळाखाली हात धरले. पाणी पडत होतं. ती हात चोळत होती. पाणी स्वच्छ जात होतं.

एकवीस वर्षांत बस रिकामी केल्यावर तिच्या हातून कधी स्वच्छ पाणी गेलं नव्हतं. तिने तळहात डोळ्यांजवळ नेऊन बघितला. त्यावर काळा डाग नव्हता. म्हणजे आपण मागे गेलोच नाही. मग तिला जहाज आठवलं, साखरेचं पोतं आठवलं, आणि ज्या पोरीला नंबर नाही ती मोजणीत येणार कशी हे आठवलं.

नळ तसाच वाहता टाकून ती धावली. गुडघ्याने काय कुरकुर केली असेल ती केली, तिला कळली नाही. टोपी नाही, पायांत चपला नाहीत. आवाराच्या फाटकातच काका भेटले, हातात नवा पट्टा, मजेत शीळ घालत येत होते. मावशीचा चेहरा बघून शीळ थांबली. "भिंगरी?" त्यांनी विचारलं. ती तशीच बसकडे धावली. कुलपात किल्ली जाईना. काकांनी तिचा हात धरला तेव्हा किल्ली फिरली.

दार उघडताच आतली धग अंगावर आली. मावशी आडवी होऊन शेवटच्या बाकाखाली शिरली. भिंगरी तिथेच होती. खेळता खेळता झोप लागलेली, केस घामाने चिकटलेले, चेहरा लालभडक, हाकेला नुसतं हूं करत होती. मावशीने तिला ओढून उचललं, सावलीत आणलं, अंगातले कपडे सैल केले, नळाच्या पाण्याने मानेला, काखांना, कपाळाला ओलं फडकं फिरवत राहिली. काका टोपीने वारा घालत होते आणि लहान मुलासारखे रडत होते. थोड्या वेळाने भिंगरीने डोळे उघडले. मावशीने चमच्याएवढं चमच्याएवढं पाणी पाजलं. पोरगी पहिलं वाक्य बोलली ते असं: "जहाज पोचलं?"

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तासभर ठेवून घेतलं आणि मग सांगितलं की पोरगी ठीक आहे. "पण आणखी थोडा वेळ गेला असता तर मी हे सांगू शकले नसते." मावशी भिंतीला टेकून खाली बसली.

बाहेर आल्यावर काकांनी तिला बाजूला घेतलं. "हे बघा मावशी. पोरगी बरी आहे. झालं ते झालं. कुणाला काही बोलू नका."

मावशी दवाखान्याच्या पायरीवर बसली.

"माझं सोडा, सून मला काय म्हणायचं ते म्हणेल. पण हे बाहेर गेलं तर उद्या एकही आई पोर पाठवणार नाही. तुमची बस बंद. आणि मग ही अठ्ठावीस पोरं कुठे जाणार, ते मी सांगायला नको. खाणीचं पाणी काही आटलेलं नाही."

काका खोटं बोलत नव्हते आणि ते मावशीलाही कळत होतं. पाच वर्षं जे जपलं ते एका दिवसात जाणार होतं. ती तिथेच बसून आपल्या तळहाताकडे बघत राहिली. शेवटी उठली. "काका, मी तुमच्या सुनेला निर्धास्त जा म्हणाले होते," ती म्हणाली. "तिला कळायला नको का, की कुणाच्या भरवशावर?"

तीन वाजता ती कारखान्याच्या फाटकाशी उभी होती. आया बाहेर पडल्या. तिने आधी सुनेला गाठलं आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आधी ऐक, पोरगी घरी आहे आणि बरी आहे." मग जे घडलं ते सगळं सांगितलं. आवाज तोच खणखणीत, त्यामुळे बाकीच्याही थांबल्या, ऐकत राहिल्या. "नाकातून रक्त आलं, गडबड झाली, हे सगळं खरं. पण मी मागे गेले नाही, हेही खरं. मोजणी बरोबर आली म्हणून मी फसले. ज्याला नंबर दिला नाही ते पोर माझ्या हिशेबातच नव्हतं. चूक माझी आहे. उद्या सातला मी बसपाशी असेन. पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

सून घराकडे पळत सुटली. एक जण तेवढी म्हणाली, "एवढं मोजून मोजून शेवटी हेच?"

दुसऱ्या दिवशी पावणेसातला तिने खिडक्या उघडल्या. काका आले नव्हते. सात वाजले. आवारात चिटपाखरू नव्हतं. शेजारी कारखान्याचा भोंगा झाला, आणि एकही पोर नाही. मावशीने गळ्यातला दोरा काढला आणि किल्ली हातात घेऊन बसली. काकांकडे ती कुठल्या तोंडाने परत करायची, याचा विचार करत होती.

मग फाटक वाजलं. सून येत होती, अंगात कामाचे कपडे, कडेवर भिंगरी. भिंगरीला तिने खाली ठेवलं आणि बसमध्ये चढली. पहिल्या बाकाखाली वाकली, दुसऱ्या बाकाखाली वाकली, दोन्ही बाजू बघत पार मागे गेली. सुनेने शेवटच्या बाकापाठच्या दांड्यावर हात टेकला, तशीच परत आली आणि दारात उभी राहून तळहात पुढे केला. तो काळा झाला होता.

"काल तुम्ही आला नसतात सांगायला, तर मी कधीच पाठवली नसती," ती म्हणाली. "रोज तुम्ही मागे जाऊन या. तुमच्यानंतर आमच्यातली एक जण जाईल. दहाला आम्हाला चहाची सुटी असते, भिंत ओलांडली की इथे. आम्ही पाळ्या लावल्यात. आज माझी."

"आणि बाकीच्या?"

सुनेने फाटकाकडे बोट दाखवलं. तिथे आया उभ्या होत्या, पाळीला उशीर करून, प्रत्येकीच्या बोटाला मुलं. त्यांच्या मागे, जरा लपून, काका.

मुलं धावत येऊन आपापल्या जागी बसली. भिंगरी मात्र खाली कमरेवर हात ठेवून उभी. मावशीने आपली घडीची खुर्ची उघडली, पुसली आणि तिला उचलून तीत बसवलं. "एकोणतीस," ती म्हणाली. "हा तुझा नंबर. विसरायचा नाही."

"मग तुम्ही कुठे बसणार?"

"मी उभी राहीन. मला सगळं दिसतं उभं राहिल्यावर." ती मुलांकडे वळली. "हं."

आकडे सुरू झाले. एक, दोन, तीन. चौदा आज नाकात न बोलता नीट बोलला. अठ्ठावीस झालं, आणि मग सगळ्यांत मोठ्या आवाजात, जवळजवळ ओरडतच, भिंगरी म्हणाली, "एकोणतीस."

मावशीने चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच तिची मोजणी चुकली होती, किती झाले ते तिला आठवेना. मुलं खिदळायला लागली आणि सगळे आकडे पुन्हा एकपासून घ्यावे लागले.